तंबोरा आणि पाळणा

बडोदे संस्थानच्या जमाखर्चात 'कलावंत कारखाना' नावाचे एक खाते होते, हे आपल्याकडील जुन्या घरांतील मंडळींना मी सांगावयास नको. गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, सनईवाले या सर्वांचा हा कारखाना. त्याच्या पटावर नाव चढले की दरमहा तनखा मिळे, आणि माणूस पोटाची विवंचना बाजूला ठेवून सुराची विवंचना करावयास मोकळा होई. फैयाझखाँसाहेब याच दरबारचे. त्यांच्या मानाने फारच खालच्या ओळीत आमच्या आजोबांचे नाव होते, आणि अगदी अखेरीस वडिलांचेही. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा वडिलांना नुकते मिसरूड फुटले होते. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. त्यामुळे दरबार मी डोळ्यांनी पाहिला नाही; परंतु त्याच्या गोष्टींवर वाढलो.

त्यांपैकी एक गोष्ट आमच्या घरी वारंवार निघे. आजोबा पहाटे चार वाजता खर्ज लावीत, तो उन्हे ओसरीवर उतरेपर्यंत. दुपारी पुन्हा बैठक, रात्री पुन्हा. ही गोष्ट सांगताना वडील एक वाक्य हमखास जोडीत, "सरकार तनखा देई तो गाण्याचा नव्हे, रियाजाच्या फुरसतीचा." हे वाक्य शंभर नंबरी खरे आहे. फक्त त्यात एक गोष्ट सांगावयाची राहून जाई. पहाटेपासून उन्हे उतरेपर्यंत त्या घरातली सहा मुले कोण सांभाळीत होते?

अर्थात आजी. चूल, पाणी, दळण, बाळंतपणे, गोवर-कांजिण्या, आणि "हे गायला बसले आहेत, आवाज करू नका" म्हणून मुलांना परसात पिटाळणे, हे सारे तिचे. तिला स्वतःला गळा नव्हता असे मुळीच नाही. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिला पुष्कळ चिजा तोंडपाठ होत्या, आणि आजोबांची एखादी जागा निसटली तर ती स्वयंपाकघरातून बरोबर गुणगुणून दाखवी. पण ती तंबोरा घेऊन बसली असे उभ्या जन्मात घडले नाही.

माझ्या मनात आता असे येते की, आजोबांचा रियाज एका नव्हे, दोन तनख्यांवर उभा होता. पहिला सरकारी तिजोरीतून येई, आणि त्याची नोंद कारखान्याच्या वहीत होई. दुसरा आजीच्या कष्टांतून येई, आणि तो कोणत्याही वहीत चढला नाही. पहिल्या तनख्याला कोणी भीक म्हटले नाही की उधळपट्टी म्हटले नाही. राज्याची शोभा म्हटले. दुसऱ्या तनख्याला कोणी काहीच म्हटले नाही. लहान मुलांचा सांभाळ ही सार्वजनिक खर्चाची बाब आहे, आणि ती तशी मानल्यावाचून स्त्रीपुरुषांची बरोबरी कागदावरून खाली उतरावयाची नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

वहीत न चढलेला हिशेब

हा दुसरा हिशेब आता सरकारनेच मोजावयास घेतला आहे. देशातील माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली केली. २०२४ चे आकडे असे: घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. मुले, आजारी व वृद्ध यांच्या देखभालीत बायकांची १३७ मिनिटे, पुरुषांची ७५. शिवाय ही सरासरी, जे त्या कामाला हात लावतात त्यांचीच. हात न लावणारे पुरुष किती, तो हिशेब निराळाच. २०१९ साली घरकामाचे हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोन्हीकडे दहा-नऊ मिनिटे कमी झाली, आणि मधले अंतर होते तेथेच राहिले.

गायनाच्या भाषेत बोलावयाचे तर, २८९ मिनिटे म्हणजे सकाळ-संध्याकाळचा भरगच्च रियाज. देशातल्या एकेका गृहिणीकडून रोज एवढा वेळ घेतला जातो. आणि मुलांच्या सांभाळाची एक वाईट खोडी अशी की तो वेळ सलग घेत नाही, तुकड्यातुकड्याने घेतो. दहा मिनिटे मोकळी मिळतात, मग हाक येते. पुन्हा पंधरा मिळतात, मग दूध उतू जाते. ज्याने कधी काही मन लावून शिकले आहे तो जाणतो की तुटक तीन तास आणि सलग एक तास यांत सलग एक तासच मोठा.

याचा पुरावा आपल्या गाण्यातच आहे. आपल्या बायकांनी शतकानुशतके रचले काय? ओव्या रचल्या. जात्यावर बसून, मांडीवर पोर घेऊन, खुंट्याला हात गुंतलेला असताना. म्हणून ओवी आखूड. दळणाच्या एका घासात मावेल एवढी. ख्याल मात्र लांबरुंद, कारण तो रचणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे हात मोकळे होते. ओवी कमी प्रतीची असे मी म्हणत नाही. तिच्यातला जिव्हाळा भल्याभल्या बंदिशींत सापडत नाही. पण 'बायकांना मोठे रचता येत नाही' असे ज्यांना वाटते त्यांनी आधी जात्याचा खुंटा सोडवून द्यावा, आणि मग बोलावे.

विशारद झालेल्या मुली जातात कोठे?

गेली वीस वर्षे मी गाणे शिकवितो. प्रारंभिकच्या वर्गात मुलांपेक्षा मुलीच अधिक असतात, आणि बहुधा त्याच अधिक मन लावून शिकतात. विशारदपर्यंत हेच चित्र. त्यानंतर मात्र मुली एकेक करून दिसेनाशा होतात. लग्नानंतर वर्षभर कशाबशा येतात; मूल झाले की संपले. माझी एक विद्यार्थिनी, अतिशय तयार गळ्याची, आता दुसऱ्या गावी असते. मध्यंतरी तिचा फोन आला तेव्हा विचारले, "गाणे चालू आहे ना?" ती हसून म्हणाली, "सर, मी सूर लावायला बसले की तो तंबोऱ्याच्या तारा ओढतो. आणि तो झोपला की मलाच झोप येते." ही तक्रार नव्हती, जगरहाटी म्हणूनच ती सांगत होती. तिच्याच वर्गातले दोन मुलगे बाप झाले. त्यांचे गाणे बंद पडले नाही.

कोणी म्हणेल, मग हिराबाई बडोदेकर कशा झाल्या? मोगूबाई कुर्डीकर, गंगूबाई हनगल कशा झाल्या? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तरही ऐकावे. हिराबाईंच्या मातोश्री ताराबाई या बडोद्याच्या सरदार मान्यांच्या घरच्या. अब्दुल करीमखाँसाहेबांपासून विभक्त झाल्यावर त्यांनी पाच मुलांना एकटीच्या बळावर वाढविले, आणि त्या मुलांतून सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई राणे असे कलावंत निघाले. मोगूबाईंचे यजमान १९३९ साली निवर्तले. पदरात तीन मुले, त्यांतल्याच एक किशोरीताई. या बायकांनी जे केले ते डोंगर पोखरण्यासारखे होते. परंतु डोंगर पोखरून पलीकडे गेलेल्या चौघींकडे बोट दाखवून 'रस्ता कशाला हवा?' असे विचारणे हा न्याय नव्हे. ज्या पलीकडे पोचल्या नाहीत त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

आणि हे केवळ गाण्यापुरते नाही. गाणे मी उदाहरणादाखल घेतले, कारण ते मला कळते. नर्स, शिक्षिका, कारकून, शिवणकाम करणारी, विटा वाहणारी, दुकान चालविणारी, परीक्षेला बसलेली, सर्वांची अडचण एकच: मूल कोणापाशी ठेवावयाचे?

आपल्याच घरातील वारसा

ही मागणी परदेशाहून आणलेली आहे, असे पुष्कळांना वाटते. बडोदेकरांनी तरी तसे मानू नये. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात, आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलांसाठी तसेच मुलींसाठी. 'पोर आमचे, शाळेत धाडायचे की नाही ते आम्ही ठरवू' असे म्हणणारे तेव्हाही होते. तरी महाराजांनी सहासात वर्षांच्या मुलाची जबाबदारी राज्याची मानली. आज ती गोष्ट कोणाला वावगी वाटत नाही. मग सहाव्या वर्षापासूनच्या मुलाची जबाबदारी राज्याची, आणि पहिल्या वर्षापासूनच्या मुलाची मात्र एकट्या आईची, ही मधली रेघ कोणी व कशाच्या आधारे मारली?

महाराणी चिमणाबाईसाहेबांनी हिंदी स्त्रीच्या सार्वजनिक जीवनातील स्थानाविषयी १९११ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले त्याचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन मेहता पुढे आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, 'पुरुष' असाही अर्थ निघेल असा जो इंग्रजी शब्द पहिल्या कलमात होता तो काढून 'सर्व मानव' असा करावयास लावणाऱ्या त्या याच. १९४८ च्या त्या जाहीरनाम्याचे पंचविसावे कलम, मातृत्व आणि बालपण यांना विशेष काळजी व साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, असे सांगते. आपल्या विद्यापीठात १९५० साली गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली, आणि तिच्या आवारातील चेतन बालवाडीत लहान मुलांचे संगोपन हा शास्त्रशुद्ध अभ्यासाचा विषय झाला.

आणखी एक नाव ग्वाल्हेरचे. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नियोजित अर्थव्यवस्थेत स्त्रीचे स्थान काय असावे याचा विचार करण्यासाठी जी उपसमिती झाली तिच्या अध्यक्षा ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. सर मोरोपंत जोशी यांच्या कन्या, वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या. १९४७ साली ग्रंथरूपाने निघालेल्या या उपसमितीच्या अहवालात, स्त्री ही स्वतंत्र व्यक्ती म्हणून धरावी, तिच्या घरकामाला आर्थिक मोल आहे हे मान्य करावे, आणि पाळणाघरांची सोय असावी, असे सांगितले आहे. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी हा कागद तयार होता. अहवाल लिहिणाऱ्या बाई आपल्यासारख्याच एका संस्थानी शहरातल्या, मराठी घरच्या होत्या.

कोसबाडचा धडा

विचार झाला, आता आचार पाहू. भावनगर संस्थानात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. तेथे १९२३ साली ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. मराठी बाई आणि गुजराती गुरुजी यांच्या या सहकार्याचे मोल आपल्या दुभाषी शहरात वेगळे सांगण्याची गरज नाही. पुढे १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. बालविधवा असलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. गरिबाचे मूल शाळेच्या पायरीपर्यंत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, ही कल्पना तेथली. तिचेच नाव अंगणवाडी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे या दोघींना जे दिसले ते आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. मोठ्या बहिणी शाळेत येत नसत, कारण धाकटी भावंडे त्यांच्या काखेला. आई मजुरीला गेलेली. आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणजेच त्या घरचे पाळणाघर. म्हणून त्यांनी विकासवाडी उभी केली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. ताई धाकट्याला काखेला मारून येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली.

यातून एक गोष्ट निघते. पाळणाघर आईसाठीच असते, असे आपण समजतो. कोसबाडने दाखविले की ते ताईसाठीही असते. आईची सुटका मुलीच्या शिक्षणाची किंमत देऊन होत असेल तर ती सुटका नव्हे. ओझे एका बाईच्या कमरेवरून दुसरीच्या कमरेवर गेले, इतकेच. आपल्या मध्यमवर्गीय घरांतही हेच चालते. नोकरीला जाणारी सून मूल सांभाळावयास बाई ठेवते; ती बाई स्वतःचे तान्हे आपल्या नऊ वर्षांच्या मुलीपाशी ठेवून येते. साखळीच्या शेवटच्या कडीला नेहमी कोणीतरी लहान मुलगी असते, आणि ती शाळेत नसते.

कायद्यातला पाळणा

आज सोय काहीच नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली हा आकडा तिसावर आणला. हेतू उत्तम. पण खर्च मालकावर आणि मोजदाद बायकांची, असे म्हटल्यावर तिसाव्या बाईनंतर एकतिसाव्या जागी पुरुष नेमण्याचा मोह कोणत्या मालकाला होणार नाही? २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० नोकर असलेल्या आस्थापनेस, स्त्रिया कितीही असोत, पाळणाघर आवश्यक ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ५० चाच आकडा धरला. मोजदादीतली खोट सुधारली. परंतु शेतमजूर, मोलकरीण, फेरीवाली, घरी बसून शिवण करणारी यांना ५० नोकरांची आस्थापना आणावयाची कोठून? आपल्या देशातील बहुतेक कष्टकरी बायका अशाच आहेत. तेव्हा मालकाच्या जिवावर हे काम तडीस जावयाचे नाही. तिजोरीनेच पुढे व्हावयास हवे.

तिजोरी पुढे झाली तीही एकदा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. एवढा पसारा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. पोषण, लसीकरण, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बालशिक्षण, हे सारे तेथे होते. पण अंगणवाडी चालते काही तास. आईचे काम चालते दिवसभर. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तेथून शिधा मिळतो, सांभाळ नाही. नेमकी तीच वर्षे आईला जखडून ठेवणारी. ही उणीव सरकारलाही दिसलेली आहे. २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली 'पालना' नावाने अंगणवाडीलाच दिवसभराचे पाळणाघर जोडण्याची योजना आहे, आणि १७,००० केंद्रांचे उद्दिष्ट ठेविले आहे. चौदा लाखांपुढे सतरा हजार म्हणजे ऐंशीत एकदेखील नव्हे. बी पेरले गेले. पीक अजून लांब आहे.

ही केंद्रे चालविणाऱ्या बायकांचे काय? २०१८ साली केंद्राने अंगणवाडी सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरविले. त्यात राज्ये आपापली भर घालतात. 'मानधन' हा शब्द मोठा चतुर आहे. मान देतो म्हणून धन कमी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. आमच्या गुजरातीत या मदतनिसाला 'तेडागर' म्हणतात. घरोघर जाऊन मुलांना कडेवर घेऊन आणणारी ती तेडागर. शब्दात केवढी माया आहे! पगारात ती नाही. आपल्या शेजारच्या दाहोद जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. सत्तेचाळीस वर्षांनी एवढे कबूल झाले की त्या करतात ते काम आहे. हौस किंवा पुण्य नव्हे.

चार आक्षेप

पहिला आक्षेप मायेचा. आईची सर पाळणाघराला येईल काय? येणार नाही, आणि कोणी तसे म्हणतही नाही. शाळा काढल्या म्हणून आईवडील रद्द झाले नाहीत. दिवसातले सातआठ तास मूल जाणत्या, प्रेमळ आणि पुरेसा पगार मिळणाऱ्या बाईपाशी, आपल्या वयाच्या सवंगड्यांत राहिले, तर उरलेल्या तासांत त्याला दमलेली, चिडलेली आई भेटण्याऐवजी धड आई भेटेल. ज्याला संस्कार म्हणतात ते एकट्याने होत नसतात. कोरसमध्ये गाणारे मूल सुराला लवकर येते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप एकत्र कुटुंबाचा. 'आमच्या वाड्यात पंधरा पोरे कशी वाढली ते कळलेसुद्धा नाही.' ज्यांना कळले नाही ते बाहेरच्या सोप्यावर बसलेले होते. आत विधवा आत्या, थोरल्या काकू, न शिकलेल्या बहिणी यांना पुरते कळले होते. शिवाय तो वाडा आता आहे कोठे? दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांत आज दोन म्हातारी माणसे आणि एक मोठे कुलूप उरले आहे. मुले पुण्याला नाही तर अमेरिकेत. आणि तिकडे नातवंड झाले की साठी उलटलेली आजी गुडघ्याला पट्टा बांधून विमानात चढते. तिची ती हौस असेल तर आनंद आहे. पण तिला कोणी विचारले होते काय?

तिसरा आक्षेप पुरुषांचा, आणि तो बोलून दाखविला जात नाही. पाळणाघर निघाले की घरातल्या पुरुषाचे काम संपले, असे कोणी समजू नये. मूल आजारी पडले की रजा कोणी घ्यावी, रात्री कोणी उठावे, हे प्रश्न राहतातच. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला पितृत्वाची रजा १५ दिवसांची. आईला २६ आठवडे. कायद्यानेच पाळण्याची दोरी एकीच्या हाती दिली की बरोबरीचे बोलणे तेथेच खुंटते.

चौथा आक्षेप पैशाचा. सरकारने हा खर्च कोठून करावा? येथे मी आपल्याला पुन्हा कलावंत कारखान्याच्या वहीकडे नेतो. संस्थानाने गवयांना पोसले ते राज्यात पैसा उतू चालला होता म्हणून नव्हे. ते काम राज्याचे आहे असे मानले म्हणून. पैसा नेहमी मानण्याच्या मागून येतो. आणि हा खर्च बुडीत नाही. एका पाळणाघराने तीन माणसे कामाला लागतात: आई आपल्या कामाला, ताई शाळेला, आणि सेविका पगाराला. शिवाय मूल पोटभर जेवते ते वेगळे. याहून चांगले व्याज कोणती पेढी देते?

मागावयाचे काय?

मागणे थोडके आहे, पण नेमके आहे. प्रत्येक वस्तीत एक घोडियाघर. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचा हा शब्द मला फार आवडतो. ते सकाळी कामावर जाण्याच्या वेळी उघडावे आणि संध्याकाळी परतण्याच्या वेळी मिटावे. सहा महिन्यांपासूनचे मूल तेथे घेतले जावे. ते केवळ दारिद्र्यरेषेखालचे नसावे. जेथे कारकुनाचे, मोलकरणीचे आणि डॉक्टरणीचे मूल एकाच सतरंजीवर झोपते तेथलीच व्यवस्था नीट राहते, कारण बोलणारी माणसे मग तिच्यावर डोळा ठेवतात. फी ऐपतीप्रमाणे असावी. आणि सेविकेला शिक्षिकेचा दर्जा व पगार मिळावा. ती गरीब राहून दुसऱ्या बायका मोकळ्या झाल्या तर ती बरोबरी नव्हे.

हे सारे एका दिवसात होणार नाही. पण सुरुवात सोपी आहे. आपल्या वॉर्डातील अंगणवाडी कोठे आहे, ती किती वाजता बंद होते, तीन वर्षांखालच्या मुलाची तेथे काय सोय आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जुन्या घरांतील आपण मंडळी गणेशोत्सवाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब विचारतो. महानगरपालिकेचे उमेदवार पुढल्या खेपेस मते मागावयास दाराशी येतील तेव्हा त्यांना चहा अवश्य द्यावा, आणि हे तीन प्रश्न विचारावे. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे. आणि प्रश्न घरातल्या सुनेने विचारला, आणि सासऱ्यांनी तोवर नातवाला कडेवर घेतले, तर फारच उत्तम.